ताबा कमी, त्याला वाट आधी



आषाढ शुद्ध दशमीच्या पहाटे पंढरपूरच्या महाद्वार घाटावर तुम्ही कधी उभे राहिला आहात काय? नदीला पाणी बेताचे असेल, तर घाटाच्या पायऱ्यांवर, खाली वाळवंटात, पुंडलिकाच्या देवळाभोवती आणि पाण्याच्या काठाकाठाने जिकडे पाहावे तिकडे माणसेच माणसे दिसतात. कोणी आळंदीहून ज्ञानोबांच्या पालखीबरोबर आलेला असतो, कोणी देहूहून तुकोबांच्या पालखीबरोबर. कोणी मराठवाड्यातून, कोणी विदर्भातून, तर कोणी कर्नाटकातून. आधी चंद्रभागेचे स्नान आणि मग विठ्ठलाचे दर्शन, ही पिढ्यान्‌पिढ्यांची रीत. त्याच पाण्यात होड्या ये-जा करीत असतात, मुले उड्या मारीत असतात, आणि एखादी आजी नातवाचा हात धरून जपून पहिली पायरी उतरत असते.

यांतल्या पुष्कळांनी खोल पाणी पाहिलेले असते ते फक्त विहिरीत, आणि तेही वरून. वाहत्या पाण्यात उभे राहणे ही त्यांना नवी गोष्ट असते. म्हणजे या गर्दीतले कितीतरी लोक पाण्याच्या बाबतीत नवशिके असतात. अशा आनंदाच्या दिवसांत कोणाचा तरी पाय घसरतो आणि दूरच्या एखाद्या गावात रडारड होते. आपण बातमी वाचतो, हळहळतो आणि ‘नशीब त्याचे’ म्हणून पान उलटतो.

मला हे ‘नशीब’ मान्य नाही. पाणी आपल्या नियमांनी वागते, आणि ते नियम तुमच्या शाळेच्या पुस्तकात आहेत. तसेच गर्दीच्या पाण्यात माणसांनी एकमेकांशी कसे वागावे, याचीही एक रीत आहे. ‘सर्वांना पोहायला शिकवा म्हणजे झाले’ असे अनेकांना वाटते. पोहणे शिकवावेच, परंतु नवशिक्याचा पहिला धडा हात मारण्याचा नसून पाणी ओळखण्याचा आणि ही रीत पाळण्याचा असला पाहिजे, असे माझे मत आहे. ते का, हे आता पाहू.

समुद्रावरचा पतंग

ही रीत म्हणजे काय ते समजण्यासाठी क्षणभर चंद्रभागा सोडून समुद्रावर जाऊ. मोठ्या कापडी पतंगाला स्वतःला अडकवून घ्यायचे, पायाखाली फळी घ्यायची आणि वाऱ्याच्या ओढीने लाटांवरून धावायचे, असा एक खेळ गेल्या पंचवीस-तीस वर्षांत जगभर पसरला आहे. त्याला काइटसर्फिंग म्हणतात. गोव्यात मोरजीच्या किनाऱ्यावरही तो खेळला जातो. हा पतंग आपल्या संक्रांतीच्या पतंगासारखा हातभर नसतो. तो कित्येक चौरस मीटरचा असतो आणि त्याच्या दोऱ्या साधारण २० ते २५ मीटर लांब असतात. नवशिक्याच्या हातून पतंग कोसळला, तर त्या दोऱ्यांच्या टप्प्यात पोहणाऱ्याला किंवा वाळूत किल्ला करणाऱ्या मुलाला इजा होऊ शकते. चूक एकाची आणि जखम दुसऱ्याला.

म्हणून या खेळाडूंनी काही नियम ठरवले आहेत. नवशिक्याने पोहणाऱ्यांपासून दूर, मोकळ्या जागी शिकावे. वारा जमिनीकडून समुद्राकडे वाहत असेल तर उतरू नये. काही बिघडले तर तोच वारा खोल समुद्रात घेऊन जातो. पतंग एका झटक्यात सोडून देण्याची कळ नीट चालते की नाही, हे आधी पाहावे. किनाऱ्यावरून निघणारा आणि किनाऱ्याकडे परतणारा समोरासमोर आले, तर परतणाऱ्याने निघणाऱ्याला वाट द्यावी; कारण काठाजवळच्या उथळ पाण्यात निघणाऱ्याचा तोल अजून सावरलेला नसतो.

मोठ्या जहाजांचेही असेच आहे. समुद्रावर टकरी टळाव्यात म्हणून १९७२ साली आंतरराष्ट्रीय नियम ठरले. त्यांत सर्वसाधारणपणे यंत्रावर चालणारी नौका शिडाच्या नौकेला वाट देते, आणि ज्या नौकेवर ताबाच उरलेला नाही तिला दोघीही वाट देतात.

या साऱ्या नियमांचे सार एका ओळीत सांगता येईल: ज्याचा ताबा कमी, त्याला वाट आधी. त्याचाच दुसरा अर्थ असा, की आपला ताबा कमी आहे हे नवशिक्याने स्वतः ओळखावे आणि त्याप्रमाणे आपली जागा निवडावी. आता हे सूत्र घेऊन पुन्हा पंढरपूरला येऊ. वाहत्या पाण्यात माणसाचा ताबा नेमका कशामुळे सुटतो, ते आधी पाहिले पाहिजे.

नदीचे वळण आणि चहाची भुकटी

चंद्रभागा हे भीमा नदीचेच पंढरपुरातले नाव. येथे नदी चंद्रकोरीसारखी वळते, म्हणून हे नाव पडले असे सांगतात. हे वळण डोळ्यांना सुंदर दिसते. पण पाण्यात उतरणाऱ्याला ते काही सांगत असते. काय, ते समजण्यासाठी घरी एक प्रयोग करा.

पेलाभर पाण्यात उकळलेली, तळाशी बसणारी चहाची भुकटी चिमूटभर टाका. चमच्याने पाणी गरगर फिरवा आणि चमचा काढून घ्या. भुकटी पाण्याहून जड, म्हणून ती फिरता फिरता कडेला फेकली जाईल असे वाटते. प्रत्यक्षात ती तळाच्या मध्यभागी गोळा होते! असे का? पेल्याच्या तळाला घासल्यामुळे खालच्या पाण्याचा वेग कमी होतो. वरचे वेगवान पाणी बाहेरच्या कडेकडे रेटले जाते, कडेने खाली उतरते आणि तळावरून मध्याकडे परत येते. येताना ते भुकटीला ओढून आणते.

१९२६ साली आल्बर्ट आइनस्टाइन यांनी एका लेखात पेल्यातली ही गोष्ट नद्यांच्या वळणांना लावून दाखवली. वळणावर नदीचे वरचे पाणी बाहेरच्या काठाकडे रेटले जाते, तेथे खाली उतरते आणि काठ खरवडते. खरवडलेली वाळू तळाशी वाहत जाऊन आतल्या काठांना साचते. म्हणून वळणाच्या आतल्या बाजूला उथळ वाळवंट असते आणि बाहेरच्या बाजूला डोह.

यावरून पहिला धडा मिळतो. वरून एकसारखी सपाट दिसणारी नदी तळाशी एकसारखी नसते. त्यात माणसाने आणखी भर घातली आहे. नदीच्या पात्रातून वाळू उपसली की खड्डे राहतात, आणि पाणी चढले की ते झाकले जातात. हे खड्डे निसर्गाच्या कोणत्याही नियमात बसत नाहीत. ते कोठे आहेत हे वळण पाहून सांगता येत नाही. पाणी गढूळ असले, तर गुडघाभर पाण्यातून चालणारा माणूस एका पावलात गळ्याइतक्या पाण्यात जाऊ शकतो. ‘हळूहळू खोल होत जाईल, तेव्हा कळेलच’ हा भरवसा येथे उपयोगाचा नाही.

पाण्याचा धक्का

आता थोडे गणित करू. वाहते पाणी आपल्या पायांना ढकलते. हा धक्का वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. वेग दुप्पट झाला तर धक्का चौपट, तिप्पट झाला तर नऊपट. पतंगाच्या ओढीलाही हाच नियम लागतो. फरक इतकाच, की पाणी हवेपेक्षा सुमारे ८०० पट दाट आहे. म्हणून सेकंदाला १ मीटर वेगाने वाहणारे पाणी एखाद्या वस्तूला जितक्या जोराने ढकलते, तितक्या जोराने ढकलण्यासाठी वाऱ्याला ताशी सुमारे १०० किलोमीटर वेगाने वाहावे लागेल! आणि सेकंदाला १ मीटर म्हणजे ताशी केवळ ३.६ किलोमीटर. वारीत चालणारा माणूस याहून भरभर चालतो. डोळ्यांना संथ दिसणारे पाणी पायांना संथ नसते, ते असे.

समजा, तुमचे वजन ५० किलोग्रॅम आहे आणि तुम्ही अशा पाण्यात गुडघ्याइतके उतरला आहात. तुमच्या दोन पायांवर साधारण ४ ते ५ किलोग्रॅम वजनाइतका धक्का बसेल. तो सहज सोसता येतो. आता कमरेइतक्या पाण्यात जा. पाण्यात असलेल्या भागाचे क्षेत्रफळ वाढले. धक्का साधारण १३-१४ किलोग्रॅम वजनाइतका झाला. पण त्याच वेळी आणखी एक गोष्ट घडली. आर्किमिडीजचा सिद्धान्त आठवा. पाण्याच्या उद्धरणामुळे तुमच्या पावलांवर येणारे वजन निम्म्यावर, म्हणजे सुमारे २५ किलोग्रॅमवर आले. पाऊल जमिनीला धरून राहते ते घर्षणामुळे, आणि घर्षण अवलंबून असते पावलांवरच्या वजनावर. वाळूत हे घर्षण त्या वजनाच्या निम्मे धरले, तर तुमची पकड साडेबारा किलोग्रॅमची आणि धक्का तेरा-चौदा किलोग्रॅमचा! शेवाळलेल्या पायरीवर पकड याहूनही कमी.

म्हणजे खोल जाऊ तसा धक्का वाढतो आणि पकड सुटते. शक्तीचा आणि धैर्याचा येथे प्रश्नच नाही. नेसूचे धोतर किंवा नऊवारी लुगडे पाण्यात फुगले, तर पाण्याला ढकलायला आणखी जागा मिळते. लहान मुलाला कडेवर घेतलेल्या माणसाचा तोल तर आधीच एका बाजूला गेलेला असतो. म्हणून माझे म्हणणे असे, की पोहता न येणाऱ्याने वाहत्या पाण्यात गुडघ्याच्या खाली एवढीच आपली मर्यादा मानावी, आणि बसून तांब्याने स्नान करावे. तांब्याने अंगावर घेतलेले पाणी चंद्रभागेचेच असते.

वर पाऊस, खाली ऊन

दुसरी फसगत होते ती आकाशाकडे पाहून. पंढरपुरावर लख्ख ऊन पडलेले असते आणि नदी मात्र चढू लागते. कारण भीमा उगवते सह्याद्रीत भीमाशंकरला, आणि तिकडचा पाऊस तिच्यातून खाली येतो. वाटेत तिच्यावर १९८० साली पुरे झालेले उजनी धरण आहे. नीरा नदीवर वीर धरण आहे, आणि ती नीरा पंढरपूरच्या वरच्या अंगाला नीरा-नरसिंहपूर येथे भीमेला मिळते. तेव्हा पंढरपूरचे पाणी ठरते ते दूरच्या पावसावर आणि दोन धरणांच्या दारांवर. आषाढीच्या स्नानासाठी उजनीतून मुद्दाम पाणी सोडले जाते, असेही कित्येकदा घडले आहे.

‘अमुक इतके क्युसेक पाणी सोडले’ अशी बातमी तुम्ही ऐकता. तिचा अर्थ लावायला शिका. १ क्युसेक म्हणजे सेकंदाला १ घनफूट, म्हणजेच सुमारे २८.३ लिटर. १०,००० क्युसेक म्हणजे सेकंदाला सुमारे २ लाख ८३ हजार लिटर पाणी. हे पाणी पंढरपूरला पोचायला वेळ लागतो, आणि तो वेळच आपला मित्र आहे. बातमी सकाळी कळली, तर घाटावरच्या पाहुण्यांना ती सांगायला अवधी मिळतो. पायरीवर खडूने खूण करा आणि अर्ध्या तासाने पाहा. खूण पाण्याखाली गेली असेल, तर नदी चढत आहे. मग बाहेर यावे आणि इतरांनाही बाहेर बोलवावे.

बुडणारा ओरडत नाही

पालखीच्या तळावर संध्याकाळी समाजआरतीच्या वेळी चोपदार आपला दंड उंचावतो आणि हजारो टाळ-मृदंगांचा गजर थांबतो. ज्या दिंडीची काही तक्रार असेल, ती मात्र टाळ वाजवीत राहते; मग तिचे म्हणणे ऐकून घेतले जाते. अडचणीत असलेल्याचा आवाज सर्वांना ऐकू यावा, अशी ही सुंदर व्यवस्था आहे.

पाण्यात मात्र नेमके उलटे होते. जो अडचणीत असतो, तोच गप्प होतो. चित्रपटात बुडणारा माणूस हात हलवून ‘वाचवा, वाचवा’ असे ओरडतो. फ्रान्सेस्को पिया या अमेरिकन जीवरक्षकाने १९७० च्या दशकात बुडणाऱ्या माणसांचे बारकाईने निरीक्षण केले. त्याला दिसले, की खरोखर बुडणारा माणूस ओरडू शकत नाही. तोंड पाण्याच्या वर येते तेवढ्या क्षणात त्याला श्वास घ्यायचा असतो. शब्दाला श्वास उरत नाही. हात वर करून हलवण्याऐवजी तो आपोआप पाणी खाली दाबत राहतो. शरीर उभे, डोके मागे कललेले, तोंड पाण्याच्या पातळीला. अशी धडपड साधारण २० ते ६० सेकंद चालते आणि मग तो खाली जातो. शेजारी उभ्या असलेल्यांना वाटते, की तो पाण्यात खेळतो आहे.

हात वर केले तर काय होते, तेही पाहा. छातीत भरपूर हवा असेल, तर शरीर पाण्यापेक्षा किंचित हलके असते. ५० किलोग्रॅमच्या माणसाला जेमतेम एक-दोन किलोग्रॅमचा आधार शिल्लक राहतो. दोन्ही हातांचे वजन मात्र सुमारे ५ किलोग्रॅम. ते पाण्याबाहेर काढले, की तेवढा भार शरीरावर पडतो आणि डोके खाली जाते. म्हणून पाय सुटले तर हात पाण्यातच ठेवावेत, छाती भरून श्वास घ्यावा आणि उताणे होऊन तोंड आकाशाकडे करावे. प्रवाहाशी झुंजू नये. त्याच्याबरोबर वाहत तिरके काठाकडे सरकावे.

वल्हे द्यावे

मी तुमच्या वयाचा असताना घडलेली एक गोष्ट सांगतो. मला पोहता येत असे आणि त्याची घमेंडही होती. एकदा माझा मित्र खोल पाण्यात सापडला. मी विचार न करता उडी घेतली आणि त्याच्याजवळ गेलो. त्याने माझ्या गळ्याला अशी मिठी मारली, की आम्ही दोघेही खाली गेलो. जवळच्या होडीतल्या एका नावाड्याने वल्हे पुढे केले, ते मित्राच्या हाती लागले आणि माझा गळा सुटला. काठावर आल्यावर नावाडी मला म्हणाला, “पोरा, बुडणाऱ्याच्या हातात आपला गळा देऊ नये, वल्हं द्यावं.” त्या दिवशी मला राग आला होता. आता वाटते, की जीवरक्षणाचे सारे शास्त्र त्याने एका वाक्यात सांगितले होते.

मित्रहो, पोहता येणारी धाडसी मुले दुसऱ्याला वाचवायला जाऊन स्वतः प्राण गमावतात. म्हणून क्रम ध्यानात ठेवा. आधी मोठ्याने हाक मारून मदत बोलवा. मग काठी, वल्हे, छत्री, जे हाती लागेल ते पुढे करा. तेही पोचत नसेल, तर तरंगणारी वस्तू फेका. आणि आपण स्वतः काठावरच राहा.

वारकऱ्याजवळ ही साधने नसतात असे म्हणू नका. नऊवारी लुगडे म्हणजे नऊ वार, सुमारे ८ मीटर लांबीचा दोर. डोक्याचा फेटा म्हणजे तसाच दुसरा दोर. तीर्थ नेण्यासाठी आणलेला ५ लिटरचा प्लॅस्टिकचा कॅन रिकामा करून त्याचे झाकण घट्ट लावले, की तो जवळजवळ ५ किलोग्रॅमचा आधार देतो. माणसाचे डोके पाण्यावर ठेवायला तो पुरतो. ओढताना काठावर पालथे पडा आणि दुसऱ्याला आपले पाय धरायला सांगा, म्हणजे तुम्ही आत खेचले जाणार नाही.

माणूस बाहेर काढल्यावर त्याचे पोट दाबण्यात किंवा त्याला उलटे टांगण्यात वेळ घालवू नये. श्वास चालत नसेल, तर शिकलेल्या माणसाने तोंडाने श्वास देणे आणि छाती दाबणे लगेच सुरू करावे, आणि दुसऱ्याने १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी.

घाटावरची रीत

आता आपल्या सूत्राकडे परत येऊ. ज्याचा ताबा कमी, त्याला वाट आधी. घाटावर त्याचे अर्थ असे होतात:

१. पाण्यातून वर येणाऱ्याला आधी वाट द्यावी. त्याचे पाय ओले, पायरी निसरडी आणि अंग गारठलेले असते. वरून उतरणारा कोरड्या पायाने दोन मिनिटे थांबू शकतो.

२. मागच्याने पुढच्याला रेटू नये. पहिल्या रांगेतल्या माणसाच्या पुढे पाणी असते, हे दहाव्या रांगेतल्याला दिसत नाही. रेटा मात्र तेथूनच सुरू होतो.

३. होड्या लागतात तेथे स्नान करू नये, आणि नावाड्यानेही स्नानाच्या घोळक्यात होडी घालू नये. भरलेली होडी झटकन थांबत नाही. होडीत बसल्यावर उभे राहू नये, एका अंगाला गर्दी करू नये, आणि तरंगण्याचे जाकीट मिळाले तर ते अंगात घालून त्याचे बंद बांधावेत; मांडीवर ठेवलेले जाकीट कोणाला वाचवीत नाही.

४. ज्याला पोहता येते त्याने गर्दीत उड्या मारू नयेत. आपली उडी पाहून शेजारचा नवशिका ‘येथे पाणी सोपे आहे’ असे समजतो.

५. लहान मूल हाताच्या अंतरावर असावे. दिंडीतल्यांनी दोघादोघांच्या जोड्या कराव्यात आणि बाहेर आल्यावर मोजणी करावी.

६. आपल्या खालच्या अंगाला कोणीतरी तेच पाणी तीर्थ म्हणून ओंजळीत घेत आहे, हे विसरू नये. साबण, निर्माल्य, फुटकी बाटली आपल्या हातून सुटली की त्याच्या पायाशी जाते.

शाळेने काय करावे?

काही जण म्हणतील, ‘यापेक्षा नदीकाठाला कुंपण घाला आणि स्नान बंद करा.’ पूर असेल तेव्हा घाट बंद करणे योग्यच आहे आणि तो हुकूम सर्वांनी पाळला पाहिजे. पण शेकडो वर्षांची रीत कुंपणाने थांबत नाही. माणसे दुसऱ्या, अनोळखी जागी उतरतात आणि तेथे धोका अधिक असतो. दुसरे म्हणतील, ‘बचावपथके असतात, होड्या असतात, आपण कशाला शिकायचे?’ पथकांचे काम मोलाचे आहे. परंतु बुडणाऱ्याच्या हाती २० ते ६० सेकंद असतात, आणि तेवढ्या वेळात त्याच्याजवळ असतो तो शेजारचा माणूस. त्या माणसाला काय करायचे हे माहीत असले पाहिजे.

जगात दर वर्षी सुमारे ३ लाख माणसे बुडून मरतात, असा जागतिक आरोग्य संघटनेचा २०२१ सालचा अंदाज आहे. संयुक्त राष्ट्रांनी त्याच वर्षी २५ जुलै हा बुडण्यापासून बचावाचा दिवस म्हणून ठरवला. हा दिवस आपल्या आषाढीच्या आगेमागेच येतो. २०२६ साली तर आषाढी एकादशी नेमकी २५ जुलैला येते.

म्हणून शिक्षकांना माझी विनंती आहे. नदीकाठच्या प्रत्येक शाळेत पावसाळ्यापूर्वी चार तास या विषयाला द्यावेत. पहिल्या तासात पेला आणि चहाची भुकटी. दुसऱ्यात आर्किमिडीज आणि घर्षण, पण पाण्यात उभ्या असलेल्या माणसाचे उदाहरण घेऊन. तिसऱ्यात मैदानावर फेटा आणि रिकामा कॅन फेकण्याचा सराव. चौथ्या तासात मुलांना घाटावर न्यावे आणि कोरड्या पायरीवरूनच नदीचा वेग मोजावा. काठाने १० मीटर अंतर आखा, वाळकी काटकी पाण्यात टाका आणि घड्याळ लावा. २० सेकंद लागले, तर वेग सेकंदाला अर्धा मीटर. १० सेकंद लागले, तर १ मीटर, आणि धक्का चौपट.

हा आकडा घाटावरच्या फळ्यावर रोज लिहिला गेला, आणि त्याशेजारी ‘आज गुडघ्याच्या खालीच’ असे साध्या मराठीत लिहिले, तर दूरच्या गावाहून आलेल्या आजीला तो कळेल. पंढरपूरच्या विद्यार्थ्यांनी हे काम हाती घ्यावे असे मला फार वाटते. वारीत आलेला प्रत्येक जण तुमच्या गावचा पाहुणा आहे. तुम्हाला नदी ठाऊक आहे, त्याला नाही. म्हणजे तुमचा ताबा अधिक आणि त्याचा कमी. तेव्हा वाट कोणी कोणाला द्यायची, हे आता वेगळे सांगायला नको.